धोतरानं शोधलेली गच्ची

आमच्या मराठी मंडळानं यंदा बायाइसाठी एक कार्यक्रम ठेवला होता. नव्या रायपूरच्या एका ऑफिसातली मॅडम बोलायले आली होती. आपलीच मराठी पोट्टी, भल्ली शिकलेली, पण बोलणं गोड. भिंतीवर पडदा लावून तिनं चित्रं दाखवली. एक डोंगर, डोंगरावर जाणारी वाट, वाटेत लहान लहान झेंडे अन् टोकावर एक मोठा लाल झेंडा. मोठा झेंडा म्हणजे आपलं ध्येय, म्हणे. आधी ते ठरवायचं, मंग तिथपर्यंत जायले काय काय करावं लागन ते ठरवायचं. असं सांगून तिनं एकेकीले उठवून विचारलं. कोणाले पार्लर टाकायचं होतं, कोणाले स्कुटी शिकायची होती, एकीले वजन कमी करायचं होतं. माही पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "माह्यं झालं बाई. मले एक गच्ची पाह्यजे होती, ती भेटली."

सारा हॉल हसला. मीही हसली. पण मॅडम नाही हसली. चहाच्या वेळेले माह्याजवळ खुर्ची ओढून बसली अन् विचारत राहिली, "गच्चीच काहून, मावशी? घर नाही, सोनं नाही, गच्ची?" सांगता सांगता चहा थंडा झाला. मंग म्हणे, हे दिवाळी अंकात द्या. मी चौथी शिकलेली, देऊ कशी? म्हणून मी सांगून राहिली अन् ती लिहून राहिली. माही भाषा सुधरवायची नाही, असं मी तिच्याकडून पहिले कबूल करून घेतलं.

मी कुरोड्या करते. तुम्ही कुरडई म्हणत असाल. सोबत पापड, सरगुंडे, शेवया, सांडगे हेही करते, पण नाव कुरोडीचं. रायपूरले लागून आमचं बिरगाव, तिथं कोणाले बेबीबाई म्हणून विचारलं तर माहीत नाही म्हणन. कुरोडीवाली मावशी म्हटलं की दारापर्यंत आणून सोडन.

खायले सगळ्याइले आवडते. करायचं कसं ते आता कोणाले माहीत नाही, म्हणून सांगते. गहू भिजवायचा. तीन दिवस भिजू द्यायचा, रोज पाणी बदलायचं, नाही बदललं तर असा वास सुटते की शेजारी भांडायले येतात. मंग तो वाटायचा, कपड्यातून गाळायचा. खाली जे पांढरं दूध राहते ना, तो चीक. रातभर तो ठेवला की खाली बसते, वरचं पाणी काढून टाकायचं. पहाटे मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळायचं, मीठ-हिंग टाकायचं, चीक ओतायचा अन् लाकडी चाटूनं घोटत राहायचं. हात थांबला की गाठी झाल्या समजा. काचेसारखा दिसायले लागला की झाला. गरम आहे तोवरच सोऱ्यात भरून कपड्यावर पाडायचा. थंडा झाला की दगड होते. अन् पाडून झालं की वरून कडक ऊन पाह्यजे, अन् दिवसभर एक माणूस राखणीले पाह्यजे, कारण कावळ्याले कुरोडी माणसापेक्षा जास्त आवडते.

यातलं मुख्य काय, तर पाण्यात टाकलेला गहू कोणासाठी थांबत नाही. गहू म्हणत नाही की आज आभाळ आहे तर मी उद्या भिजतो. म्हणून या कामाची सुरुवात गव्हापासून होतच नाही, गच्चीपासून होते. कोणत्या दिवशी गच्ची मोकळी आहे, ऊन आहे, राखणीले माणूस आहे, हे आधी धरायचं. अन् तिथून मांगं मांगं यायचं. पाडायच्या आधी शिजवणं, त्याच्या आधी गाळणं, त्याच्या आधी भिजवणं, त्याच्या आधी निवडणं. माह्या मायनं मले असंच शिकवलं. पुढून मोजलं की कुरोडी बिघडते.

लग्न होऊन मी आर्वीकडच्या खेड्यातून इथं आली. उमेशचे बाबा बाजूच्या उरला भागातल्या लोखंडाच्या कारखान्यात होते. बिरगावात एक खोली, वर टीन. टिनावर काही वाळत घालता येत नाही, चढलं तर टीन खाली येते. पण तेव्हा मले गच्चीचं काही काम नव्हतं. उमेश चड्डीत होता तेव्हा कारखान्यात सळ्याइचा गठ्ठा यांच्या पाठीवर आला. जीव वाचला. काही दिवस दवाखान्यात, मंग घरी. चालता येत होतं काठीनं, पण वाकता येत नव्हतं अन् पाय वर उचलता येत नव्हता. दाराचा उंबरठा ओलांडायलेही थांबून विचार करावा लागे. कारखान्यानं जे दिलं ते दिलं. त्याच्यावर बोलून आता काही उपयोग नाही.

मी रायपूरच्या शंकर नगरात पोळ्या करायले लागली. तिथं डोंगरे काकू होत्या, त्यायचे मिस्टर रेल्वेत साहेब. एका उन्हाळ्यात काकूनं हौसेनं कुरोड्या केल्या अन् सगळ्या गाठी गाठी. मले म्हणे, "बेबी, तुह्या माहेरी करतात ना गं? पाहून दे." मी पाहून दिलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यायच्या बहिणीच्या झाल्या, मंग भिशीतल्या बायाइच्या झाल्या, मंग पोळ्या सुटल्या अन् हाच धंदा झाला. काकूची गच्ची मोठी, चारी अंगानं मोकळी. मागच्या अंगणात माही चूल, वर माही गच्ची. म्हणजे माही म्हणत होती मी. होती काकूची.

गिऱ्हाईकं एक एक नमुने. सरकारी कॉलनीतली एक बाई ऐन पावसाळ्यात फोन करून म्हणे, "मावशी, रविवारपर्यंत पाहिजे, ड्रायरनं वाळवा." मी म्हटलं, बाई, ड्रायरनं केस वाळतात. एका बाईनं पोरीच्या रुखवतासाठी कुरोडीत नवरा-नवरीचं नाव पाडायले लावलं. पाडलं मी, सोऱ्याले बारीक चकती लावून, हात सांभाळून. पण तळल्यावर नवरीचं नाव बरोबर आलं अन् नवरदेवाचं असं फुगलं की कोणाले वाचता येईना. सासरचे लोक ताटाजवळ उभे राहून पाहत होते, हा कोण म्हणून.

रुखवताच्या कुरोड्या हे मोठं काम. गुलाबी, हिरव्या, पिवळ्या, परडीत फुलासारख्या मांडायच्या. गावाकडून दूर आलेल्या लोकाइले रुखवतात ते दिसलं की बरं वाटते. अन् तेच काम माह्या हातून एकदा गेलं.

एका पोरीचं लग्न होतं. बाप बिजली ऑफिसात, साधी माणसं, आमच्याच जिल्ह्यातली. पोरगी स्वतः आली होती सांगायले. "मावशी, माह्या आजीच्या हातच्या राहत होत्या अशा करून द्या. आजी नाही आता." मी गहू भिजवला, वाटला, गाळला. पहाटे चिकाच्या बाल्ट्या अॅटोत ठेवून काकूच्या घरी गेली तर फाटकाले कुलूप. आत पाहते तर सळ्या, रेती, सिमेंटचे पोते. काकू पुण्याले पोराकडं गेल्या होत्या. पोरानं वर मजला चढवायले ठेका देऊन टाकला होता. चौकीदार म्हणे, "अम्मा, छत पे तो कॉलम उठ रहे हैं, आपको किसी ने बताया नहीं?" काकूनं मुद्दाम नाही केलं. घाईत निघाल्या, राहून गेलं. त्यायच्यासाठी ती एक गच्ची होती. कुरोडीवालीले सांगावं लागते हे कोणाच्या ध्यानात राहते?

मी त्या गल्लीतल्या एकेका घराची बेल वाजवली. कोणी म्हणे कुत्रा आहे, कोणी म्हणे टाकी गळते, कोणी म्हणे साहेब झोपले आहेत, विचारून सांगते. ऊन वर यायले लागलं. चीक आंबायले लागला की वासच सांगते. मी तशीच बिरगावले परत आली. खाटा गल्लीत काढल्या, त्यावर लुगडी टाकली अन् तिथंच शिजवून पाडल्या. आता ज्यायनं बिरगाव पाह्यलं नाही त्यायले सांगते, तिकडं कारखान्याइची काळी धूळ उडते. अंगणात पांढरा कपडा टाकला की सायंकाळी बोटानं त्यावर नाव लिहिता येते. दुपारपर्यंत त्या गुलाबी कुरोड्या राखेसारख्या झाल्या. 

उरलेल्या चिकात मी गूळ घातला अन् शिजवून गल्लीत वाटून टाकला. पोट्टेपाट्टे वाट्या चाटून खुश. शेजारीण म्हणे, "दीदी, आज क्या खुशी है?" मी म्हटलं, आहे काहीतरी.

त्या पोरीच्या रुखवतात कुरोड्या नव्हत्या.  

त्या सायंकाळी मी गंज घासत होती अन् हे दारात खुर्चीवर बसले होते. म्हणे, "अवो, ऐकतं का? तुले आपली गच्ची पाह्यजे."

मले राग आला. "गच्चीले खाली घर लागते."

"लागते ना."

"घराले जागा लागते."

"लागते."

"मंग? डोकं फिरलं का तुमचं?"

"डोकं काहून फिरन? तूच तं मोजून राहिली ना मांगं मांगं. कुरोडीचं मोजतेस तसंच. गच्चीच्या आधी घर, घराच्या आधी जागा. जागेच्या आधी काय ते सांग."

मी गंज तसाच ठेवला. जागेच्या आधी काय? मले पहिले वाटलं पैसा. पण तो तर सगळ्याच्याच आधी असते, त्याचं काय मोजायचं. घर बांधणाऱ्याले ते माहीत आहे अन् न बांधणाऱ्याले सांगून समजत नाही, म्हणून मी पैशाचं काही सांगत नाही. हाताकडं पाहत होती तर बोटं काळी. तेव्हा समजलं. जागेच्या आधी वारा. जिथं धूळ येत नाही अशी जागा आधी सापडली पाह्यजे, नाही तर घरही होईन, गच्चीही होईन अन् त्यावर काळ्या कुरोड्या वाळतीन.

ही गोष्ट मॅडमले भल्ली आवडली. म्हणे, "मावशी, मी हेच तर सांगत होते, शेवटापासून मागे यायचं." मी म्हटलं, तू बरोबरच सांगत होतीस बाई, फक्त तुह्या डोंगरावर वारा नव्हता. तर ती ते लिहून घेऊन राहिली.

वारा पाहायचा कसा? यांच्याजवळ पांढरी धोतरं होती, गावाकडची, पडून राहिलेली. ही युक्ती त्यायनंच काढली. धोतर धुवायचं, ओलंच पिशवीत घालायचं अन् सकाळी अॅटोनं जायचं. ओळखीचा कोणी जिथं राहते, कारखान्यातला जुना सोबती, कोणाची बहीण, कोणाचा साळा, त्याच्या घरी. तिथं दोरीवर धोतर टाकायचं, खाली खुर्ची घेऊन बसायचं अन् सायंकाळी घरी आणायचं. मी ते बल्बसमोर धरून पाहे. त्या पूर्ण उन्हाळ्यात यांचं हेच काम होतं. पाठ मोडल्यापासून हा माणूस खुर्चीवर बसून भिंतीकडं पाहत होता. आता सकाळी उठून दाढी करायले लागला. पिशवीत धोतर अन् भाकरीचं गाठोडं घेऊन निघे, जसा ड्यूटीवरच चालला.

लोक हसत. एका सोबत्यानं विचारलं, "काय भाऊ, घरी नळ नाही का? लोकाइच्या घरी धोतर सुकवता?" तर हे म्हणाले, "नळ आहे गा. हवा नाही."

मधात मीही एक चूक करत होती. नव्या रायपूरले एक मराठी जोडपं माह्याकडून कुरोड्या नेत होतं, दोघंही ऑफिसात. भल्ली चांगली माणसं. कुरोड्या मायक्रोवेव्हमधी फुलवतात, तेल नाही लागत म्हणे. ती पोरगी म्हणाली, "मावशी, आमच्या बिल्डिंगची छत रिकामीच असते, तिथं या ना. धूळ तर नावाले नाही." मले वाटलं, चला, जागाही नको अन् घरही नको. बस मोठ्या मुश्किलीनं भेटली. लिफ्टनं बाल्टी घेऊन वर गेली. काय ती गच्ची! एवढं ऊन, एवढी हवा. मी मनातल्या मनात कपडे अंथरूनही टाकले. तेवढ्यात गार्ड आला. "माताजी, यहाँ कपड़ा, पापड़, अचार सुखाना मना है. सोसाइटी का नियम है." पोरगी बिचारी लाल झाली. त्याच्याशी भांडायले निघाली तर मीच थांबवलं. खाली येताना लिफ्टमधी मी आपल्या मनाले सांगितलं, बेबी, लोकाच्या गच्चीचं आता बंद. 

उन्हाळा सरत आला तेव्हा हे एक दिवस बिरगावच्याच टोकाच्या, तलावापलीकडच्या पाऱ्यातून, म्हणजे वस्तीतून, आले अन् धोतर माह्या हातात दिलं. बल्बसमोर धरलं. पांढरं. उलटं करून धरलं. पांढरंच. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेली. तिथं एक छत्तीसगढी म्हातारी होती, बुधियारिन दाई. तिच्या आंगणात रखियाच्या बऱ्या वाळत होत्या. रखिया म्हणजे आपला कोहळा, त्याचे सांडगेच म्हणा. मी तिले विचारलं, इथं काळी धूळ येते का? ती म्हणे, "मोर बरी इहाँ कभू करिया नइ होवय." तिची बरी इथं कधी काळी होत नाही. वारा तलावावरून येते, कारखान्याकडून नाही. आम्ही उन्हाळाभर धोतर घेऊन फिरलो अन् ते तिच्या बरीले पहिलेच माहीत होतं. पण बुधियारिन दाई कुठं राहते हे समजायलेच तो उन्हाळा लागला ना.

तिच्याच बाजूची जागा आम्ही घेतली. मंग एक एक. आधी पाया, तोही असा की पुढं वर स्लॅब टाकला तरी सहन करन. मंग भिंती अन् वर टीन. टिनाखाली काही वर्षं काढली. तोवर मी काम सोडलं नाही. सरगुंडे, शेवया सावलीत होतात, ते केलं. कुरोड्या बुधियारिन दाईच्या आंगणात थोड्या थोड्या पाडल्या, तिच्या बऱ्याइच्या बाजूले. उमेश मोठा झाला, कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं. आखरीले स्लॅबचा दिवस ठरला. लोक आधी घर बांधतात अन् वर गच्ची आपोआप होते. आम्ही गच्ची ठरवली अन् तिच्या खाली घर केलं.

स्लॅबच्या आधी दुकालू मिस्त्री जिना आखायले आला. उमेश म्हणे, "आई, लोहे की सीढ़ी लगा देते ना बाहर से. गोल वाली. जागा भी बचेगी, किचन बड़ा होईल तुझं." मले पटलं. मोठं किचन कोण्या बाईले नको? मिस्त्रीनं चुन्यानं ओट्याची रेघ मारली. मी तिथं उभी राहून पाहे, इथं चूल, इथं पिठाचे डबे.

मंग सवयीनं मी मांगं मोजायले लागली. वाळलेली कुरोडी. त्याच्या आधी राखण. राखण कोण करन?

उमेश कारखान्यात. सून कामावर. मी खाली चूल सोडून येऊ शकत नाही. राखणीले एकच माणूस होता अन् तो दारात खुर्चीवर बसून रेघा पाहत होता.

मी त्यायले विचारलं, "लोखंडाच्या जिन्यानं चढता येईन का तुम्हाले?"

ते म्हणे, "मी खालीच बसतो ना. कावळे आले की खालून ओरडीन."

"कावळे खालून ऐकतात का?"

"मंग तू पोरगी ठेव एखादी राखणीले. गच्ची तुह्या कामाची आहे, माह्यं काय अडलं?"

हे ते हसून म्हणाले. पण मले तो भिंतीकडं पाहत बसलेला माणूस दिसला. ज्यानं धोतर घेऊन ही जागा शोधली, तो खाली बसन अन् वरच्या कावळ्याइचा आवाज ऐकन. तसं करायचं तर गच्ची आपली होईन, पण मोजणं चुकन. मी दुकालूले म्हटलं, "भैया, रेघ पुस. जिना सिमेंटचा पाह्यजे, घराच्या अंगानं, अन् पायऱ्या बुटक्या."

"कतका बुटक्या, दाई?"

मले काय माहीत. मंग दुकालूनंच विटा आणल्या. जमिनीवर दोन विटा एकावर एक ठेवल्या अन् यांले म्हणे, बाबा, पाय ठेवा. यांनी पाय उचलला. गेला वर, पण चेहरा असा झाला की मी दुसरीकडं पाह्यलं. एक वीट काढली. आता आरामात गेला. म्हणे, "ही तं उंबरठ्यापेक्षाही कमी आहे, मी काही पाळण्यातला नाही." मंग एका विटेवर फरशीचा तुकडा ठेवला. पाय ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. "हे जमते." तेवढीच पायरी ठरली. एक वीट अन् फरशीचा तुकडा.

दुकालूनं हिशेब लावला अन् डोकं खाजवलं. अशा पायऱ्या केल्या तर जिना दारापासून सुरू होऊन ओसरी खाईन अन् अर्धा किचनही खाईन. म्हणे, "अतेक छोटे-छोटे सीढ़िया? बकरी चढ़ही का, दाई?"

मी म्हटलं, "हव. एक बोकड आहे म्हातारा, तोच चढन."

हे इतके हसले की पाठ धरून बसले. उमेश नाही हसला. "आई, तू भी ना. सब लोग किचन बड़ा करते हैं, तू छोटा कर रही है." दोन दिवस तो बोलला नाही माह्याशी. त्याचंही बरोबर होतं. आजही माह्या किचनमधी कढई ठेवली की पोळपाट मांडीवर घ्यावं लागते. सून एखाद्या वेळी भांडी आपटते, मी समजते काहून आपटते ते.

स्लॅब पडला. पाणी मारून मारून पिकला. कठडा मी भिंतीचा नाही केला, भिंतीची सावली पडते. पाइप लावले. पहिल्या उन्हाळ्यात पहाटे मी चीक घोटत होती अन् हे जिना चढत होते. एका हातात काठी, एक हात भिंतीले. मी खालून ऐकत होती, काठीचा आवाज, मंग पायाचा, मंग थांबणं, मंग पुन्हा काठी. घोटता घोटता माहा हात थांबायले आला होता. गाठी झाल्या असत्या. मंग वरून आवाज आला, "अवो, इथून तलाव दिसते."

बस. एवढंच म्हणाले. 

त्या उन्हाळ्यात अन् त्याच्या पुढच्या, माह्या कुरोड्याइची राखण यांनी केली. डोक्यावर ओला पंचा, वर काळी छत्री बांधलेली, हातात काठी अन् काठीले लाल चिंधी. कावळे पहिले आठ-दहा दिवस भ्यायले, मंग ओळखायले लागले. एका लंगड्या कावळ्याले हे मुद्दाम एक कुरोडी देत. मी पकडलं तर म्हणे, "तो बी माह्यासारखाच आहे ना." वरून येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा. बुधियारिन दाई खालून ओरडे, "कइसे बबा, राजा बन गे हस!" अन् हे वरून मुजरा घेतल्यासारखा हात करत. पाठ मोडल्यावर कोणी त्यायले राजा म्हटलं नव्हतं.

दोनच उन्हाळे भेटले. तिसऱ्याच्या आधी हिवाळ्यात ते गेले. झोपेत गेले, त्रास नाही झाला. लोक म्हणाले, गच्चीसाठी एवढं केलं अन् दोनच उन्हाळे. मीही तसं म्हटलं मनात. आधी लोखंडाचा जिना लावला असता तर ओसरी राहिली असती, किचन राहिलं असतं. मंग म्हटलं, अन् ते दोन उन्हाळे?

आता माही गोष्ट. माहे गुडघे गेले. डॉक्टर म्हणे जिना चढू नका. उमेश म्हणे, "आई, अब ऊपर मत जा, राखणीले कोई रख लेते हैं." शेजारच्या घरचे जिने मी चढू शकत नाही, मंडळाच्या हॉलचा जिना दोन जणी धरतात तेव्हा चढते. पण माह्या घरचा जिना मी चढते. पाय एक वीट अन् फरशीचा तुकडा एवढाच उचलावा लागते. ते मोजमाप मी माह्यासाठी घेतलंच नव्हतं. नात दोन-दोन पायऱ्या एकदम उडी मारून जाते अन् वरून विचारते, "दादी, हमारी सीढ़ी इतनी छोटी क्यों है?" मी सांगते, तुह्या आजोबाच्या पायाच्या मापाची आहे. तिले वाटते आजोबा भल्ले बुटके होते.

मॅडमनं आखरी विचारलं, "मावशी, आता पुढचं ध्येय काय?" मी म्हटलं, पुढच्या उन्हाळ्यात स्वतः वर जाऊन कुरोड्या पाडायच्या. एका घरी लग्न आहे, रुखवतासाठी सांगून ठेवलं आहे.

"अन् त्याच्या आधी?"

त्याच्या आधी गहू भिजवायचा, त्याच्या आधी निवडायचा. अन् त्याच्याही आधी, म्हणजे आतापासून, गुडघ्याले वर जायचं विसरू द्यायचं नाही. म्हणून रोज सायंकाळी मी एकदा वर जाऊन येते. वर दिवाळीच्या दिवसात काही काम नसते. त्यायची खुर्ची आहे कोपऱ्यात. वाऱ्यानं फिरते ती. तिले तलावाकडं तोंड करून ठेवते अन् खाली येते.